हत्या एकाची, परीक्षा सर्वांची
(३० जानेवारी १९४८ नंतरचे जग आणि आपण)

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलोपार्जित कापडाच्या पेढीवर बसलेला एक व्यापारी आहे. परंतु घरात लहानपणापासून ऐकलेली एक हकीकत अनेक वर्षे मनात घर करून आहे, आणि तिचा संबंध आपल्या धर्मतत्त्वांशी फार जवळचा आहे. म्हणून हे धाडस करीत आहे. वाचकांनी उणे ते पदरात घ्यावे.

दरवर्षी ३० जानेवारीस सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. महात्मा गांधींचा तो स्मृतिदिन. एखाद्या राजकीय नेत्याची हत्या होते तेव्हा मारणारे हात एक-दोघांचे असतात, कट करणारे फार तर आठ-दहा असतात. मात्र त्यानंतर लक्षावधी माणसे काही ना काही करतात, बोलतात किंवा गप्प राहतात. इतिहासाचा पुढचा मार्ग बहुधा या लक्षावधींच्या वागण्यावरून ठरतो. गांधीजींच्या हत्येनंतर जग कसे वागले आणि आपण महाराष्ट्रातील माणसे कशी वागलो, याचा ताळेबंद मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

गांधीजी आणि जैन विचार

गांधीजी जन्माने जैन नव्हते, ते वैष्णव मोढ वणिक कुळातील. परंतु काठियावाडातील त्यांच्या घरी जैन साधूंचा राबता असे. १८८८ साली ते विलायतेस निघाले तेव्हा मातोश्री पुतळीबाईंचे मन तयार होईना. त्या वेळी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी तरुण मोहनदासाकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याच्या तीन प्रतिज्ञा करवून घेतल्या आणि मगच मातेने अनुमती दिली. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले, तेव्हा त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. राजचंद्र हे जवाहिराचे व्यापारी. हिऱ्या-मोत्यांचा सौदा आटोपताच धर्मचिंतनाच्या वहीत डोके घालणाऱ्या या पुरुषाने गांधीजींवर फार खोल ठसा उमटविला. दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी मन व्याकूळ झाले तेव्हा गांधीजींनी आपले प्रश्न पत्राने त्यांनाच विचारले. आपल्या जीवनावर ज्यांचा विशेष प्रभाव पडला अशा व्यक्तींत त्यांनी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबर रायचंदभाईंचे नाव आवर्जून घेतले आहे. राजचंद्रांचे १९०१ मध्ये अवघ्या ३३व्या वर्षी निधन झाले, पण त्यांच्याकडून मिळालेले अहिंसेचे बीज गांधीजींनी सार्वजनिक जीवनात रुजविले. म्हणूनच त्यांच्या हत्येनंतर काय घडले हा आपल्या समाजासाठी केवळ राजकारणाचा विषय नाही.

ती सायंकाळ

१९४७ च्या फाळणीने देश रक्तबंबाळ झाला होता. दिल्लीत निर्वासितांचे लोंढे येत होते आणि मुसलमानांवर हल्ले होत होते. हे थांबावे म्हणून गांधीजींनी १३ जानेवारी १९४८ रोजी उपोषण सुरू केले. सर्व पक्षांनी शांततेची हमी दिल्यावर १८ जानेवारीस ते सुटले. दोनच दिवसांनी, २० तारखेस, बिर्ला भवनातील प्रार्थनेच्या वेळी बॉम्बस्फोट झाला, त्यातून ते बचावले. ३० जानेवारीस सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्यामुळे प्रार्थनेस निघण्यास थोडा उशीर झाला. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते लगबगीने हिरवळीवरून चालले असताना सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास नथुराम गोडसे याने जवळून तीन गोळ्या झाडल्या. ७८ वर्षांचा तो देह तेथेच कोसळला.

जगाने वाहिलेली आदरांजली

गांधीजींकडे कोणतेही सरकारी पद नव्हते, सैन्य नव्हते, संपत्ती नव्हती. तरीही त्या रात्री जगभर जे घडले ते एखाद्या सम्राटाच्या वाट्यासही क्वचितच येते. संयुक्त राष्ट्रसंघाने आपला ध्वज अर्ध्यावर उतरविला. विशेष म्हणजे त्या दिवसांत सुरक्षा परिषदेपुढे भारत आणि पाकिस्तान यांच्यातील काश्मीरचा वाद चालू होता. परंतु त्या दिवशी वाद बाजूस ठेवून परिषदेच्या सदस्यांनी गांधीजींना श्रद्धांजली वाहिली. जे दोन देश एकमेकांविरुद्ध दावे मांडत होते, ते एका मृत्यूपुढे काही काळ तरी नतमस्तक झाले.

ज्या साम्राज्याशी गांधीजी तीस वर्षे लढले त्या ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांनी शोकसंदेश पाठविला आणि पंतप्रधान अ‍ॅटली यांनी नभोवाणीवरून श्रद्धांजली वाहिली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी शोक व्यक्त केला. परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी त्यांना अखिल मानवजातीच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रवक्ता म्हटले. फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेऑं ब्लूम यांनी लिहिले, की मी गांधींना कधी पाहिले नाही, मला त्यांची भाषा येत नाही, त्यांच्या देशात मी पाऊल ठेवलेले नाही, आणि तरीही माझे जवळचे माणूस गेल्यासारखे दुःख मला होत आहे. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी आपल्या नेहमीच्या तिरकस शैलीत एवढेच म्हटले, की फार चांगले असणे किती धोक्याचे असते हे यावरून दिसते.

या सर्वांत मला महत्त्वाची वाटते ती दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्स यांची प्रतिक्रिया. याच स्मट्स यांनी गांधीजींना तुरुंगात टाकले होते. तुरुंगात गांधीजींनी आपल्या हातांनी चपलांचा एक जोड तयार केला आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना तो स्मट्स यांना भेट पाठविला. १९३९ साली गांधीजींच्या सत्तरीनिमित्त स्मट्स यांनी त्या चपला परत पाठविल्या. एवढ्या थोर पुरुषाच्या चपलांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, असा त्यांचा भाव होता. हत्येची वार्ता समजताच, मनुष्यांतील एक राजपुत्र गेला, असे उद्गार त्यांनी काढले. वैर न धरता विरोध करता येतो, याचा पुरावा विरोधकाच्याच मुखातून मिळाला.

सर्वच शोक असा मोकळा नव्हता. पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल जीना यांनी आपल्या संदेशात गांधीजींचा उल्लेख हिंदू समाजाने निर्माण केलेल्या थोर पुरुषांपैकी एक असा केला. मुसलमानांच्या रक्षणासाठी ज्याने प्राण पणास लावले त्यास मृत्यूनंतरही एका समाजाच्या चौकटीत बसविले गेले, असे तेव्हा अनेकांना वाटले. आपल्या देशातही काही ठिकाणी आनंद व्यक्त झाला, मिठाई वाटली गेली. खुद्द सरदार पटेलांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रात याचा उल्लेख आहे.

एका शब्दाने वाचलेले प्राण

हत्या झाल्याबरोबर बिर्ला भवनाबाहेर प्रचंड गर्दी जमली. मारेकरी कोण, हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन तेथे पोहोचले तेव्हा गर्दीतून कोणी ओरडले, की हे कृत्य मुसलमानाचे आहे. माउंटबॅटन यांनी तत्काळ उलट उत्तर दिले, की मूर्खा, तो हिंदू होता. वस्तुतः त्या क्षणी त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. परंतु मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर देशात केवढी कत्तल उसळेल, हे त्यांनी ओळखले होते. आकाशवाणीनेही सायंकाळी ६ वाजता वार्ता देताना मारेकरी हिंदू असल्याचे स्पष्टपणे सांगितले. त्या एका शब्दाने किती प्राण वाचले याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडता येणार नाही.

त्या रात्री पंडित नेहरू आणि सरदार पटेल यांनी नभोवाणीवरून देशास उद्देशून भाषणे केली. एका वेड्याने हे कृत्य केले आहे, परंतु देशात पसरलेले विष उपटून काढताना आपण वेड्यासारखे वागता कामा नये, असा पंडितजींच्या भाषणाचा आशय होता. दुसऱ्या दिवशी लाखो लोकांच्या साक्षीने यमुनेच्या तीरी अंत्यसंस्कार झाले. दिल्ली शांत राहिली.

महाराष्ट्रातील आग

परंतु धर्म सांगून जे टळले तेच जात समजल्यावर आपल्याकडे घडले. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण असल्याचे कळताच मुंबई, पुणे, नागपूर, तसेच विशेषतः सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर दगडफेक झाली. ते गंभीर जखमी झाले आणि पुढील वर्षी निवर्तले. खेडोपाडी वाडे जळाले, त्यांच्याबरोबर पोथ्या, दप्तरे आणि कर्जाचे कागदही जळाले. कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेली ती परतलीच नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीस याच दिवसांची पार्श्वभूमी आहे.

यामागे केवळ गांधीजींवरील प्रेम होते असे म्हणता येणार नाही. जमीनदार आणि कूळ, सावकार आणि ऋणको, शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातील जुने ताण होते आणि त्यांतील पुष्कळांना खरी कारणेही होती. परंतु अन्यायाचे कारण खरे असले तरी निरपराध्याचे घर पेटविण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. पुढे लाल किल्ल्यात रीतसर खटला चालला, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आठ माणसे होती आणि त्यांतीलही सर्वांस शिक्षा झाली नाही. महाराष्ट्रात मात्र, त्या आठांची नावेही ज्यांनी ऐकली नव्हती अशा घरांनी शिक्षा भोगली. आणि ती दिली गेली अहिंसेच्या पुजाऱ्याचा जयजयकार करीत!

आमच्या पेढीतील दोन रात्री

येथे घरातील हकीकत सांगणे प्राप्त आहे. दक्षिण महाराष्ट्रातील आमच्या गावी माझ्या आजोबांची पेढी होती. कापडावरील सरकारी नियंत्रण त्याच महिन्यात उठल्यामुळे व्यापाऱ्यांत उत्साह होता. ३० तारखेस रात्री वार्ता येताच सर्व बाजार बंद झाला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी उपवास केला. त्यापुढील दिवशी आसपासच्या खेड्यांतून जमाव गावात शिरला.

आमच्या पेढीचे दिवाणजी ब्राह्मण होते. आजोबांनी त्यांना, त्यांच्या पत्नीस, वृद्ध आईस आणि तीन मुलांना मागील दाराने आणून माडीवरील कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपविले. दोन रात्री ती सहा माणसे तेथे होती. आजी अंधार पडण्यापूर्वी त्यांना जेवण पोहोचवी आणि मुले रडू नयेत म्हणून तेथेच बसून राही. जमावातील कित्येक चेहरे ओळखीचे होते. त्यांत उधारीवर धोतरजोड्या नेणारी आमची गिऱ्हाइकेही होती. त्यांनी दिवाणजींची चौकशी केली. आजोबा एवढेच म्हणाले, ‘‘पेढी बंद आहे.’’

ही हकीकत येथेच संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. परंतु आमच्या समोरच्या बोळात एक शाळामास्तर राहत असत. दुसऱ्या रात्री त्यांचे घर पेटले तेव्हा ते धावत आले आणि आमच्या दारावर थापा मारू लागले. ‘‘शेटजी, दार उघडा,’’ असे ते तीनदा म्हणाले. आजोबा दाराच्या आतल्या बाजूस उभे होते. दार उघडले तर जमाव आत शिरेल आणि माडीवरची सहा माणसे हाती लागतील, या भयाने त्यांनी अडसर काढला नाही. मास्तर परसातून नदीकडे पळाले आणि जिवानिशी वाचले. पण ते पुण्यास गेले ते पुन्हा गावी आले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी जळालेल्या घरांतील तांब्या-पितळेची भांडी निम्म्या भावाने बाजारात विकावयास आली. ती आपल्यातील काहींनी घेतली, काहींनी घेतली नाहीत. आजोबांनी घेतली नाहीत, परंतु घेणाऱ्यांना ते काही बोललेही नाहीत. ‘‘ज्याने दार उघडले नाही त्याने दुसऱ्यास काय सांगावे,’’ असे ते वडिलांना म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

त्या वर्षापासून दर संवत्सरीस आजोबा मास्तरांना पुण्याच्या पत्त्यावर क्षमापनेचे कार्ड पाठवू लागले. अनेक वर्षे उत्तर आले नाही, पण कार्डही परत आले नाही. अखेर एका वर्षी मास्तरांचे कार्ड आले. त्यावर सहीशिवाय दोनच शब्द होते, ‘‘पत्र पोचले.’’ ते कार्ड आजोबांनी अखेरपर्यंत चोपड्यांच्या पेटीत जपून ठेवले होते.

इतिहासातील अन्य दाखले

एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या जातभाईंस देण्याचा प्रकार केवळ आपल्याकडे घडला असे नाही. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांची १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियातील सर्ब तरुणाने हत्या केली. दुसऱ्याच दिवशी त्या शहरात सर्बांची दुकाने आणि घरे लुटली गेली. २३ जुलैस ऑस्ट्रियाने सर्बिया देशास निर्वाणीचा खलिता दिला आणि २८ जुलैस युद्ध पुकारले. युरोपातील राष्ट्रांची परस्परवैरे आधीपासून धुमसत होतीच, या हत्येने त्यांना निमित्त मिळाले. चार वर्षे चाललेल्या त्या महायुद्धात एक कोटीच्या घरात सैनिक मेले.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतरच्या काही दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसार, २,७३३ शीख मारले गेले. गळ्यात पेटते टायर अडकवून माणसे जाळली गेली. ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी संसदेत याबद्दल शरमेने मान खाली घालून क्षमा मागितली. क्षमायाचना करण्यास देशास जवळपास २१ वर्षे लागली.

याउलट एक दाखला मनास उभारी देतो. गांधीजींच्या मार्गाने चालणारे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात येऊन राजघाटावर नतमस्तक झाले होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे त्यांचीही हत्या झाली आणि अमेरिकेतील शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. त्या रात्री इंडियानापोलिस शहरातील कृष्णवर्णीयांच्या सभेत रॉबर्ट केनेडी यांनी ती दुःखद वार्ता सांगितली. ते म्हणाले, की तुमच्या मनात द्वेष येणे स्वाभाविक आहे, माझाही भाऊ मारला गेला आणि त्यास मारणाराही गोराच होता, परंतु आपल्याला द्वेष नको, एकमेकांविषयी करुणा हवी. सभा शांतपणे पांगली आणि इंडियानापोलिस त्या आगीतून वाचले. दोनच महिन्यांनी रॉबर्ट केनेडीही मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडले. पण त्या रात्री त्यांनी वाचविलेले शहर वाचलेलेच राहिले.

कृत, कारित, अनुमोदित

या सर्व घटना मोजण्याचे माप आपल्या धर्मात पूर्वीच सांगितले आहे. आपल्या शास्त्रानुसार हिंसा केवळ हाताने होत नाही. ती मनाने, वचनाने आणि कायेने होते आणि यांतील प्रत्येक प्रकार स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला व करणाऱ्यास अनुमोदन दिलेला, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदित असा असतो. गोळी झाडणारा एक. कट रचणारे काही. परंतु मिठाई वाटणारा, अफवा पसरविणारा, जमावात उभा राहून पाहणारा, लुटीचे भांडे स्वस्त मिळाले म्हणून घरी आणणारा, हे सर्व अनुमोदनाच्या खात्यात येतात. न्यायालय कृत आणि कारित यांचा निवाडा करू शकते. अनुमोदनाचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच प्रतिक्रमणात करावयाचा असतो.

क्रोधाविषयीही शास्त्रकारांनी फार सूक्ष्म विचार केला आहे. पाण्यावरची रेघ, वाळूतील रेघ, जमिनीला पडलेली भेग आणि पाषाणाला गेलेला तडा, अशा चार उपमा त्यांनी क्रोधाच्या चार प्रतींना दिल्या आहेत. वर्ष उलटूनही जो क्रोध मिटत नाही तो पाषाणाच्या तड्यासारखा, अनंतानुबंधी होय, आणि तो सम्यक्त्वाचा घात करतो. म्हणून निदान वर्षातून एकदा संवत्सरीस सर्व जीवांची क्षमा मागून खाते मिटवावे, अशी परंपरा आहे. व्यापारी माणसास ही भाषा चटकन समजते. जुनी बाकी पुढे ओढत गेलो तर पेढी बुडते.

१९४८ साली हे तत्त्व आचरणारी माणसेही आपल्या महाराष्ट्रात होती. पूज्य साने गुरुजींनी हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले. मारेकऱ्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही ज्या समाजात असे मन घडते त्या समाजाचे आपण घटक आहोत, म्हणून प्रायश्चित्त आपण घ्यावे, अशी त्यांची भावना होती. दुसऱ्याचे घर जाळणारा दोष परक्याच्या माथी मारतो, गुरुजींनी तो स्वतःकडे घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

याहून कठीण गोष्ट गांधीजींच्या पुत्रांनी केली. मारेकऱ्यास फाशीची शिक्षा झाल्यावर मणिलाल आणि रामदास या दोघांनी त्याचे प्राण घेऊ नयेत अशी सरकारला विनंती केली. ती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी अमलात आली. सरकारला कायद्याने चालावे लागते आणि त्यास मी येथे दोष देत नाही. परंतु पित्याचा देह ज्याने छिन्न केला त्याच्यासाठी जीवदान मागणारे हे पुत्र पित्याचे खरे वारस ठरले. पुढे २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची श्रीपेरुंबुदूर येथे हत्या झाली. त्या खटल्यातील नलिनी या स्त्रीस तिच्या लहान मुलीचा विचार करून फाशी देऊ नये, अशी रदबदली श्रीमती सोनिया गांधी यांनी केली आणि २००० साली ती शिक्षा जन्मठेपेत रूपांतरित झाली. २००८ मध्ये राजीवजींच्या कन्येने वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन तिची भेट घेतली. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नलिनीसह त्या खटल्यातील उरलेल्या बंदिवानांची मुक्तता केली. त्या निकालाविषयी लोकांत मतभेद आहेत आणि त्या स्फोटात आप्त गमावलेल्या इतरांचे दुःखही तितकेच खरे आहे. कोणी क्षमा करावी अशी सक्ती करता येत नाही, परंतु ज्यांचा घाव सर्वांत खोल होता त्यांच्याकडून ती आली याची नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे.

समारोप

आज वार्ता सायंकाळी ६ ची वाट पाहत नाही. खिशातील मोबाईलवर ती क्षणात येते आणि तिच्याबरोबर मारेकऱ्याचा धर्म, जात, गाव, खरे-खोटे सर्वच येते. माउंटबॅटन यांना उत्तर देण्यास एक क्षण मिळाला होता. आपल्याला तो संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तेवढाच क्षण मिळतो. बोटाच्या एका स्पर्शाने घडणारे अनुमोदन हेही अनुमोदनच आहे, हे विशेषतः तरुण पिढीने ध्यानात घ्यावे, अशी नम्र विनंती आहे.

आपल्या ट्रस्टने गेली पन्नास वर्षे अनेकांसाठी दारे उघडी ठेवली. पुढील पन्नास वर्षांत एखाद्या बिकट रात्री कोणी आपल्या दारावर थाप मारली, तर ते उघडण्याचे धैर्य आपल्या मुला-नातवंडांना लाभो, हीच शासनदेवतेचरणी प्रार्थना. आजोबांनी सहा माणसे वाचविली याचा मला अभिमान आहे. पण ते स्वतः आयुष्यभर मोजत राहिले ते सातवे माणूस, आणि मला वाटते अहिंसेचा खरा हिशेब तोच आहे.

या लेखात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.